क्रमांक सेहेचाळीसचे एक मूल

'डॉर्कस' जहाजाच्या कैदी-नोंदवहीत हॅनोरा ड्रिस्कल या नावापुढे, अपत्यांच्या रकान्यात, एक हा आकडा आहे. शाई फिकट झाली असली तरी आकडा स्वच्छ वाचता येतो. त्यावर खाडाखोड नाही. १८५०च्या जानेवारीत, कैद्यांच्या वसाहतीतल्या होबार्ट बंदराच्या धक्क्यापासून थोड्या अंतरावर नांगरलेल्या त्या जहाजाच्या डेकवर उभे राहून तो तिने स्वतःच्या तोंडाने सांगितला. पुढची चार वर्षे तो बदलून घेण्यासाठी ती धडपडली. तिला दोन मुले होती.

दोन होती, हे विधान कशाच्या बळावर करायचे, हे आधीच सांगितलेले बरे. तिचे स्वतःचे तीन अर्ज आहेत. तिला लिहिता येत नसल्यामुळे तिन्ही वेगवेगळ्या हातांचे. शिवाय फादर कॉनवे या धर्मगुरूने लिहून घेतलेली जुलिया टँग्नी हिची जबानी आहे. जुलिया त्याच जहाजावरची कैदी, हॅनोराच्या शेजारच्या फळीवर झोपणारी. सगळे कागद हॅनोराच्या बाजूचे, म्हणून सगळेच जपून वाचायला हवेत. तरीही जुलियाच्या जबानीत असे काही तपशील आहेत, की ते हॅनोराच्या भल्यासाठी कोणी रचले नसते. त्यांमुळे तिचे नुकसानच झाले.

हॅनोरा कॉर्क परगण्याच्या पश्चिम किनाऱ्यावरची. बटाट्याचे पीक पुन्हा पुन्हा काळे पडत गेले, त्या वर्षांतली. तिचा नवरा कॉर्मॅक सरकारी रस्त्यावर खडी फोडायला जात असे. १८४८च्या शेवटी तो त्याच रस्त्याच्या कडेला बसला आणि उठला नाही. मागे सहा वर्षांची पेग आणि पोटातले एक मूल राहिले. ते मूल, डॉनल, फेब्रुवारीत जन्मले. एप्रिलमध्ये, दुपारी, भर उजेडात, हॅनोराने जमीनदाराच्या गवताची गंजी पेटवली आणि दोन्ही मुलांना घेऊन ती शेजारच्या बांधावर बसून राहिली. शिपायाने कोर्टात सांगितलेला संवाद असा :

"हे कोणी पेटवलं?"

"मी. बसा ना, ऊब आहे."

"बाई, या महिन्यातली तू चौथी."

"मग पाचवी यायच्या आत मला न्या."

जाळपोळीला काळ्या पाण्याची शिक्षा होते, आणि काळ्या पाण्याच्या जहाजावर रोज खायला मिळते, एवढे त्या किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक होते. न्यायाधीशांनी दहा वर्षे सुनावली तेव्हा तिने एकच विचारले : "पोरं बरोबर येतील ना, साहेब?" स्थानिक वृत्तपत्राने लिहिले की आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसला नाही.

पोरे बरोबर डब्लिनच्या तुरुंगापर्यंत आली. तिथे मेट्रनने नियम वाचून दाखवला. या जहाजात जागा थोडी. एका कैदी बाईबरोबर एकच मूल. अंगावर पिणारे असेल तर तेच. मोठ्याला परत परगण्याच्या कामघरात पाठवले जाईल. निराधारांच्या त्या कामघरात हॅनोरा त्या हिवाळ्यात पंधरा दिवस राहिली होती. तिथे मेलेल्यांसाठी एकच पेटी होती. तळाला बिजागरी लावलेली, म्हणजे खड्ड्यावर नेऊन तळ उघडला की पेटी पुढच्यासाठी मोकळी. पेगने ती पेटी पाहिली होती.

त्याच कोठडीत सबीना क्रो होती. क्लेअर परगण्यातली, तिशीची, विधवा, मूलबाळ नसलेली. मेंढी चोरल्याबद्दल सात वर्षे. "एक नाही, दोन," असे ती स्वतःच सांगत असे. "दुसरी कोर्टाला सापडली नाही. ती आम्ही खाल्ली." हॅनोरा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसलेली पाहून तिसऱ्या दिवशी ती म्हणाली :

"पोर माझ्या नावावर घाल."

"तुझ्या?"

"माझ्या नावावर सध्या एक मेंढी आहे. तिच्या शेजारी एक पोर लिहिली तर मेंढी काही नको म्हणणार नाही."

"आणि कळलं तर?"

"कळलं तर आपण दोघी खोटारड्या. आता काय संत आहोत?"

जुलियाच्या सांगण्याप्रमाणे त्या आठवड्यात तीन परगण्यांतून बायका एकदम आल्या होत्या, आणि कोणाचे पोर कोणाची शाल धरून उभे आहे हे पाहायला कोणालाच सवड नव्हती. हे पटण्यासारखे आहे. तुरुंगाच्या वहीतही त्या तारखांना अक्षर घाईचे आहे. सबीना क्रोच्या नावापुढे 'मुलगी, मार्गारेट, ६' अशी नोंद झाली; पेग हे मार्गारेटचेच घरगुती रूप. जहाजावर चढताना प्रत्येकीच्या गळ्यात टिनाची चकती अडकवली गेली. हॅनोराचा क्रमांक सेहेचाळीस, सबीनाचा सत्तेचाळीस. मुलाला आईचाच क्रमांक. पेगच्या चकतीवर सत्तेचाळीस होते.

जहाजाचा डॉक्टर रोज सकाळी कैद्यांची पाहणी करी आणि जाता जाता मुलांशी बोले. तो चांगला माणूस होता असे सगळ्याच जणी सांगतात, आणि नेमकी तीच भीती होती. पेगला शिकवणे भाग होते. शिकवायला सबीनाने घेतले.

"तुझी आई कोण?"

"सबीना क्रो."

"आणि ही बाळाला घेऊन बसलेली?"

"नोरा मावशी."

"रडून दाखवलं तिनं तर?"

"मावशी."

चार दिवसांत पेग पक्की झाली. सबीनाचे समाधान झाले नाही. "दरडावून विचारलं तर ही टिकेल," ती हॅनोराला म्हणाली. "दरडावणारे हिनं जन्मल्यापासून पाहिलेत. गोड बोलून विचारलं की फुटेल. आणि सगळ्यात आधी तुझं तोंड बघून फुटेल. तेव्हा विचारायचं तूच."

इथे जुलियाची जबानी तशीच देतो. "हॅनोरानं पोरीची हनुवटी धरली. म्हणाली, पेग, बाळा, आता सगळं संपलं. आता खरं सांगितलंस तरी चालेल. मी तुझी कोण? पोर म्हणाली, आई. हॅनोरानं तिच्या मुस्काटात मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तोच शब्द, तीच थप्पड. पोर रडली नाही, नुसतं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी हॅनोरानं तेच गोड गोड विचारलं. पोरीनं हात गालावर ठेवला आणि म्हणाली, मावशी. सबीना म्हणाली, तिनं स्वतः विचारलं तरी? पोर म्हणाली, तिनं स्वतः विचारलं तरी. आम्ही टाळ्या वाजवल्या, फादर. सबीनानं आपलं अर्धं बिस्किट पोरीला दिलं. हॅनोरा त्या दिवशी जेवली नाही. मी हसले होते. तेही लिहा."

होबार्ट एकोणीस दिवसांवर असताना सबीना क्रो अतिसाराने वारली. डॉक्टरच्या रोजनिशीत तिच्यासाठी तीन ओळी आहेत. शेवटची अशी : 'मागे एक मुलगी, प्रकृती चांगली, बोलणे थोडे.' प्रेत समुद्रात सोडताना पेगला सर्वांत पुढे उभे केले गेले, कारण ती प्रेताची मुलगी होती. हॅनोरा चौथ्या रांगेत होती.

त्या एकोणीस दिवसांत ती खरे का बोलली नाही, हा प्रश्न पुढे कैदी-खात्याच्या अधीक्षकाने विचारला आणि तो रास्त आहे. उत्तर जुलियाकडे आहे. "ती निघालीच होती डॉक्टरकडे. मीच हाताला धरून बसवलं. म्हटलं, अगं, सबीनाला आता कोण शिक्षा करणार? सगळी तुझ्याच डोक्यावर येईल. पोरीला परतीच्या जहाजात टाकतील. एकदा जमिनीवर पाय लागू दे, मग बोल. जमिनीवरून परत पाठवायला खर्च येतो." हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता. परत पाठवलेल्या मुलांची एकही नोंद मला सापडलेली नाही. पण ते त्या बायकांना कुठून कळणार?

डेकवर टेबल मांडून दोन कारकून बसले होते. एक विचारी, दुसरा लिही. उंची, केसांचा रंग, अंगावरचे व्रण, गुन्हा, वाचता येते का.

"अपत्ये?"

तिने डॉनलला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले.

"बाई, अपत्ये. पोरं. किती?"

"एक. हे अंगावरचं."

लिहिणाऱ्याने आकडा लिहिला. सहा पावलांवर निराधार मुलांची वेगळी रांग होती. जुलिया म्हणते की पेगने मान वळवली नाही.

पेग शहराबाहेरच्या अनाथशाळेत गेली. हॅनोरा बायकांच्या तुरुंगात गेली. त्याला आमच्याकडे कारखाना म्हणत. कारण तिथे सगळ्या शहराचे कपडे धुतले जात. डॉनल नऊ महिन्यांच्या वरचा, म्हणून त्याला लगेच दूध तोडून बालकगृहात ठेवले. मे महिन्यात तो तिथे वारला. तेव्हा हॅनोरा एका घरी मोलकरीण म्हणून दिलेली होती. तिला ते तीन आठवड्यांनी कळले, तेही बालकगृहातून आलेल्या दुसऱ्या बाईकडून.

पहिला अर्ज जूनमधला आहे. 'अर्जदाराची मुलगी पेग चुकीने दुसऱ्या नावावर लिहिली गेली असून ती अर्जदाराला भेटवावी.' उत्तर आठ दिवसांत आले, आणि त्यात तिरकसपणा अजिबात नाही : अर्जदाराने आगमनाच्या वेळी स्वतः सांगितल्यानुसार तिला एक अपत्य होते, ते मृत आहे. दुसऱ्या अर्जात तिने खोटे सांगितल्याची कबुली दिली. त्या अर्जाचा अर्धा भाग मात्र मान्य झाला. अधिकाऱ्यांना खोटे सांगितल्याबद्दल तिला दोन महिने कपड्यांच्या हौदावर पाठवण्यात आले. मुलीबद्दल लिहिले होते : कबुलीला पुरावा नाही.

हौदावरून सुटल्यावर तिला रविवारची सुटी मिळू लागली. अनाथशाळेची मुले रविवारी दोघादोघांच्या रांगेत प्रार्थनेला जात. हॅनोरा रस्त्याच्या कडेला उभी राही. बोलायला बंदी होती. उभे राहायला नव्हती. जुलिया दोन-तीनदा तिच्याबरोबर गेली. "पोर आमच्या अंगावरून जायची. हातभर अंतर. एकदाही बघायची नाही. हॅनोरा मला कोपरानं ढोसायची. म्हणायची, बघितलंस? किती शहाणी आहे. अजून सांभाळतेय."

तीन वर्षे ती या समजुतीवर जगली. ती खरी होती की नाही हे ठरवायला माझ्याकडे काही नाही.

शिक्षा संपण्याआधी तुरुंगाबाहेर राहण्याचा परवाना असलेली, लग्न झालेली, स्वतःचे घर असलेली बाई मुलाची मागणी करू शकते, हे तिला कोणीतरी सांगितले. १८५३च्या हिवाळ्यात तिने जॉब थ्रॅपल या वीटभट्टीवाल्याशी लग्न केले. तोही पूर्वी जहाजातूनच आलेला, इंग्लिश, पन्नाशीचा. फादर कॉनवेंना ही सोयरीक फारशी पसंत नव्हती; म्हणूनच बहुधा त्यांनी दोघांचे बोलणे टिपून ठेवले आहे.

"मी आधीच सांगते," हॅनोरा म्हणाली, "मला तुम्ही नकोत. मला घर हवंय. पोरीसाठी."

"घर आहे. खोली दीड. दात मात्र चारच उरलेत."

"पाव मऊ करीन."

"पोर फार खाते का?"

"नाही. आणि बोलतही नाही."

"मग आण," जॉब म्हणाला. "दीड खोलीत दोन बोलणारे पुरेत."

त्याने अर्ध्या खोलीला फळ्यांची भिंत घातली आणि कच्च्या विटांच्या चौथऱ्यावर पेंढा टाकून मुलीपुरती एक शेज केली. हे तिसऱ्या अर्जात लिहिले आहे, शेजेची लांबी-रुंदी देऊन. अर्जाला फादर कॉनवेंचे पत्र आणि जुलियाची जबानी जोडली होती. या वेळी अधीक्षकाने अर्ज फेटाळला नाही. त्याने अर्जदाराला आणि मुलीला समोरासमोर आणायचे ठरवले. फेब्रुवारी १८५४. पेग अकरा वर्षांची होती.

त्या भेटीच्या दोन नोंदी आहेत. अधीक्षकाची चार ओळींची, फादर कॉनवेंची दोन पानांची. जिथे दोन्ही जुळतात तेवढे निर्विवाद धरतो. पेगला आत आणले. तिने करड्या रंगाचा झगा घातला होता. अधीक्षकाने तिला बसायला सांगितले. ती उभीच राहिली.

"या बाईंना ओळखतेस?"

"हो, साहेब. नोरा मावशी."

"सख्खी मावशी?"

"जहाजावरची."

"तुझी आई कोण?"

"सबीना क्रो. ती समुद्रात गेली."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"मी तिथे होते, साहेब. पुढे उभी होते."

यानंतरचे फक्त फादरांच्या नोंदीत आहे. हॅनोराला गप्प बसण्याची ताकीद होती. ती खुर्चीवरून उठली, गुडघ्यांवर बसली आणि तिने मुलीची हनुवटी धरली. तिने काय बोलायचे हे घरून ठरवून आणलेले नव्हते. जॉब म्हणतो की वाटेत ती एक शब्द बोलली नाही. म्हणून जे ओठांवर आधीपासून बसलेले होते तेच आले.

"पेग, बाळा, आता सगळं संपलं. आता खरं सांगितलंस तरी चालेल. मी तुझी कोण?"

फादर लिहितात : मुलीने डावा हात गालावर ठेवला आणि ती ताठ झाली. "मावशी," ती म्हणाली. मग तिने अधीक्षकाकडे नव्हे, हॅनोराकडे पाहिले. धडा बिनचूक म्हटल्यावर मूल शिकवणाऱ्याकडे पाहते, तसे.

हॅनोराला आपण काय केले ते त्या क्षणी कळले असावे, कारण ती ओरडली : "ते मी शिकवलं होतं गं! मीच शिकवलं होतं! मारून शिकवलं होतं!"

अधीक्षक निर्दय नव्हता. त्याने तिला उठून बसायला लावले, पाणी दिले. मग म्हणाला : "बाई, ही मुलगी पढवलेलं बोलते, असं तुम्हीच म्हणता. तिला मारून पढवलं, असंही तुम्हीच म्हणता. मग आज तिनं तुम्हाला आई म्हटलं असतं, तर ते कोणी पढवलेलं म्हणून मी मानायचं?"

फादर कॉनवेंनी मुलीशी एकांतात बोलायची परवानगी मागितली, ती मिळाली. त्यांनी तिला पाप-पुण्याच्या गोष्टी सांगितल्या, खरे बोलणाऱ्यावर कोणी रागावत नाही असे सांगितले. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "फादर, शिवणाचा तास चुकेल." गालावरच्या हाताबद्दल अधीक्षकाच्या नोंदीत काही नाही. त्याची शेवटची ओळ अशी : 'मुलगी अर्जदारास आई म्हणून ओळखत नाही. अर्ज अमान्य. विषय पुन्हा उघडू नये.'

विषय पुन्हा उघडला गेला नाही. पुढल्या वर्षी पेगला उत्तर किनाऱ्यावरच्या एका शेतावर कामाला बांधून दिले. करारपत्रात आईचे नाव सबीना क्रो. १८६३च्या लग्नाच्या नोंदीतही तेच. तिला पाच मुले झाली. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मी एकेक करून पाहिल्या, काय शोधत होतो ते उघड आहे. थोरलीचे नाव सबीना आहे. हॅनोरा नावाचे कोणी नाही. धाकटीचे मधले नावही नाही.

हॅनोरा १८७१ साली अपंग-वृद्धांच्या आश्रमात वारली. जॉब तिच्या चार वर्षे आधी गेला. मधल्या वर्षांत तिच्या नावावर दारूचे सात गुन्हे आहेत, सगळे किरकोळ. आश्रमाच्या फॉर्मवर अपत्यांच्या रकान्यात 'नाही' असे आहे. ते तिने सांगितले की कारकुनाने स्वतःच लिहिले, हे ठरवता येत नाही. दोन्ही शक्य आहे.

फादर कॉनवेंच्या कागदांत या प्रकरणाचे शेवटचे टिपण १८५४च्या एप्रिलचे. जॉब थ्रॅपल त्यांच्याकडे आला होता. मुलीसाठी केलेली शेज मोडू की ठेवू, हे विचारायला. हॅनोरा विचारू देत नव्हती आणि मोडूही देत नव्हती. फादरांनी त्याला विचारले, ती रविवारी रस्त्यावर उभी राहायला अजून जाते का?

"नाही, फादर," जॉब म्हणाला. "मीच म्हटलं, चल, लांबून बघून येऊ. तर म्हणाली, नको. मी दिसले की पोरीला पुन्हा सगळं पाठ म्हणावं लागतं."